गाडीला वाचा देणारी उज्ज्वला

मांजरसुंब्याच्या चौकात, बीडकडं जाणाऱ्या गाड्या जिथं चहाला थांबतात, तिथं ढाब्यांच्या ओळीच्या शेवटी पप्पूचं टायरचं दुकान आहे. त्याला चिकटून एक दहा फुटी शटर. वर पाटी आहे, 'कार टेप, स्क्रीन, स्पीकर. कोणत्याही गाडीला फोन जोडून मिळेल.' सुग्रीवनं ती पाटी लावली त्याला सात वर्षं झाली. पण त्या पाटीखाली आज पाना कोणाच्या हातात असतो असं चौकात विचारलं, तर लोक त्याच्या बायकोचं, उज्ज्वलाचं नाव घेतात. ते नाव लोकांच्या तोंडी सहज बसलं नाही. कसं बसलं, ते सांगण्यासारखं आहे.

उज्ज्वला मेंढपाळाची लेक. तिचा बाप भागवत दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठाला उतरायचा. लेकीला मामाकडं ठेवून त्यानं दहावीपर्यंत शिकवलं. लग्न होऊन ती मांजरसुंब्यात आली, आणि दुपारचा डबा घेऊन दुकानात जायची तिला सवय लागली. डॅशबोर्डखाली डोकं घालून पडलेल्या सुग्रीवला बॅटरी धरायला कोणीतरी लागायचंच. "जरा इकडं उजेड पाड," म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. त्या उजेडात तिनं सगळं बघून घेतलं. पिवळी तार कायम जिवंत, तांबडी चावी फिरवली की जिवंत, काळी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. आरती म्हणावी तसं तिला ते पाठ. जुन्या गाडीचा कंपनीचा टेप काढून तिथं स्क्रीन कशी बसवायची, फोनमधला नकाशा त्या स्क्रीनवर कसा आणायचा, समोरच्याचा आवाज दाराच्या स्पीकरमध्ये कसा घ्यायचा, हे तिच्या हातांना येऊन गेलं. ते हाताला येतंय का, हे मात्र कोणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

सुग्रीवचे कामाचे दोन नेम होते. "पहिलं विचार, मग पाना," हा एक. दुसरा, "कात्री शेवटी." कंपनीची तार तोडली की गाडी कायमची उष्टी होते, असं तो म्हणायचा.

गेल्या वैशाखात सुग्रीवची कंबर धरली. मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं. डॅशबोर्डखाली शिरणाऱ्या माणसाला वाकायचं नाही म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला भिजू नको म्हणण्यासारखं. तो दारात खुर्ची टाकून बसायला लागला, आणि पाना उज्ज्वलानं उचलला.

पण गाडी द्यायला कोणी तयार होईना. फोनचं कव्हर, चार्जर, एखादी केबल, एवढ्यासाठी लोक यायचे. डॅशबोर्ड उघडायचं म्हटलं की, "मालकाची कंबर बरी झाली की येतो," म्हणून निघून जायचे. वरून पप्पूची जीभ. "वैनी, स्वयंपाकाचा गॅस दुरुस्त करायचा असंल तर गिऱ्हाईक पाठवू का?"

भाद्रपदात पप्पूनं सुग्रीवला सरळच विचारलं, "दिवाळीपासून शटर मला दे. टायर ठेवायला जागा पुरत न्हाई." सुग्रीवनं मान हलवली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण उज्ज्वलानं ती मान बघितली.

त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "दिवाळीपतुर शटर माझं. तोवर माझ्या हातावर इस्वास ठिवून कुणी गाडी दिली न्हाई, तर मीच कुलूप लावते आन् चावी पप्पूभावजीला नेऊन देते. पण त्याआदी तुमी मान हलवायची न्हाई."

सुग्रीव म्हणाला, "लोकांच्या डोक्यात न्हाई शिरत ते, उज्जे."

"लोकांच्या डोक्यात शिरायचंच न्हाई मला. डॅशबोर्डात शिरायचंय."

तर ही गोष्ट आश्विनातल्या संकष्टीची. दसरा होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. चौकात सीताफळाच्या पाट्या लागल्या होत्या. उज्ज्वलाच्या दुकानासमोर कडुलिंबाखाली छबुबाई सीताफळं घेऊन बसायची. म्हातारी तोंडाची फटकळ, पण मनाची साधी. उज्ज्वलाचा कडक उपास होता, चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर.

दहाच्या सुमाराला चौसाळ्याच्या विठ्ठलरावांची पांढरी गाडी लिंबाखाली थांबली. विठ्ठलराव म्हणजे मोठे बागायतदार, एके काळचे सरपंच. त्यांचा फोन घासाघासाला वाजायचा. बरोबर त्यांच्या पत्नी विमलबाई होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावरून पदर. दोघं बीडला निघाले होते. विमलबाई फक्त सीताफळासाठी उतरल्या होत्या.

"बीडला काय काढलं, विमलबाई?" छबुबाईनं फळं निवडत विचारलं.

"गाडीची स्क्रीन बदलायला. फोन लागंना झालाय तिला. चार्जिंग होतं, पण गाडीत बोलता येत न्हाई. ह्यांनी पुन्हा फोन कानाला लावून गाडी हाकायला घेतलीय." विमलबाईंचा आवाज खाली आला. "मागल्या साली ह्याच घाटात फोनवर बोलता बोलता गाडी कठड्याला घासली, छबुबाई. दोन बोटं इकडं झालं असतं तर... तवा शहरातून ती स्क्रीन बसवून घेतली मी. त्या स्क्रीनची रीतच अशी, तारंनं फोन लावला तरच गाडी बोलती. आता ती मुकी झालीय. परवा दोघं गेलतो बीडला त्या दुकानात, ते म्हणाले स्क्रीन गेली, नवी बसवा, वायरिंग तोडून नवीन टाकावं लागंल."

"मग बीडला कावून जाताव? ही समोर उज्ज्वला बसलीय की. तिचं तेच काम हाय."

विमलबाईंनी शटरकडं बघितलं. उज्ज्वला पदर खोचून उभीच होती. 'तोडून' हा शब्द तिच्या कानावर पडला होता. ती पुढं झाली. "काकू, मला एकदा बघू द्या. तार न तोडता बघते. न्हाई जमलं तर बीड कुठं पळून जातंय?"

विमलबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. विठ्ठलराव खाली उतरले, हातात चावी. उज्ज्वलानं हात पुढं केला. तो हात ओलांडून त्यांनी चावी खुर्चीवरच्या सुग्रीवच्या मांडीवर टाकली. "बघ रे बाबा. अर्धा तास देतो. चहा घेतो तोवर."

"काम ती करती, आण्णा," सुग्रीव म्हणाला.

"मंग तू नजर ठिव."

पप्पू टायर सोडून हात पुसत आलाच. त्याच्यामागं ढाब्यावरची आणखी दोन-चार माणसं. बाई गाडी खोलतीय म्हटल्यावर फुकटचा खेळ कोण सोडतं! "वैनी, वरचं झाकण आधी काढतेत का खालचं? कुकरवानी आसतंय का?"

इथं उज्ज्वला चुकली. एरवी ती चुकली नसती. पण चारजणांचे दात दिसले, घड्याळ चाललेलं दिसलं, आणि तिला वाटलं, आता एकदा हात दाखवावाच. तिनं विठ्ठलरावांना घाईघाईनं एवढंच विचारलं, "बिघाड काय हाय?" ते म्हणाले, "फोन दाखवत न्हाई." झालं विचारून. तिनं स्वतःची चांगली केबल लावून बघितली, स्वतःचा फोन लावून बघितला. दोन्ही वेळा चार्जिंगची खूण आली, पण स्क्रीन काही बोलली नाही. म्हणजे बिघाड आत. तिनं पाना उचलला.

आणि हात तिनं दाखवलाही. प्लास्टिकच्या पट्टीनं कडेची झाकणं अशी सोडवली की एक चाप मोडला नाही. चार स्क्रू काढून स्क्रीन बाहेर ओढली, मांडीवर फडकं पसरून त्याच्यावर ठेवली. मागचे सगळे जोड काढून, पुसून, पुन्हा कट् आवाज येईपर्यंत दाबले. मीटर लावून पिवळी बघितली, तांबडी बघितली, काळी बघितली. एक तार वाकडी नव्हती. तिनं सगळं परत जागेवर बसवलं, घाम पुसला, फोन लावला.

चार्जिंगची खूण. बाकी काही नाही.

"गाडी संकष्टी धरून बसली वाटतं," पप्पू म्हणाला, आणि सगळे हसले. विठ्ठलराव चहाचा ग्लास ठेवून उठले. सुग्रीव खुर्चीतून हळूच म्हणाला, "उज्जे, सोड. सांग त्यास्नी, जाऊ दे बीडला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, दमलेपण होतं. ते तिला जास्त लागलं. बीडला गाडी गेली म्हणजे नुसती गाडी जाणार नव्हती. दिवाळीला दहा-अकरा दिवस उरले होते, आणि आज इथं चौकातल्या चारजणांनी बघितलं ते उद्या चौसाळ्यापर्यंत पोचणार होतं.

तिनं डोळे मिटले. गणपतीला म्हणाली, 'बुद्धी दे रे बाबा, हात आहेत माझ्याकडं.' आणि त्या अंधारात तिला बाप दिसला. लहानपणी एक मेंढी लंगडायला लागली होती. उज्ज्वला तिची मांडी चोळत बसली होती, तेल लावत होती. भागवतनं येऊन तिचा हात बाजूला केला. "पोरी, मेंढरू लंगडलं की मांडी नंतर. आदी खूर बघावं. जमिनीला काय टेकतंय ते बघावं." खुरात बाभळीचा काटा निघाला होता.

फोन गाडीला टेकतो कुठं? आत नाही. समोर, त्या केबलच्या खाचेत. आणि गाडी मुकी झाली तेव्हा शेजारी बसून बघणारं माणूस कोण? तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. लोक तिचा हात ओलांडून सुग्रीवशी बोलतात म्हणून ती सहा महिने जळत होती. आणि आज ती स्वतः विमलबाईंना ओलांडून नुसतं विठ्ठलरावांना विचारून मोकळी झाली होती. पहिलं विचार, मग पाना. विचारलंच कुठं होतं तिनं?

"आण्णा, पाच मिनिटं. फक्त पाच," ती म्हणाली. आवाज असा की विठ्ठलराव पुन्हा खाली बसले. पप्पूनं त्यांच्यापुढं ढाब्यावरचा दुसरा चहा केला, आणि माणसं तिकडं गोळा झाली.

उज्ज्वला लिंबाखाली विमलबाईंपाशी जाऊन बसली. "काकू, गाडी बोलंना कधीपासून झाली?"

"दसऱ्यापासून. दसऱ्याला सकाळी पांग्रीला सोयऱ्याकडं फोन लावला तर लागला. दुपारी पूजा झाली. मग संध्याकाळी सोनं वाटायला निघालो तवा न्हाई लागला."

"पूजा कशी केली?"

"जशी करतेत तशी. धुतली, झेंडूचा हार, लिंबू, नारळ. हळद-कुंकू चाकाला, इंजनाला." विमलबाईंनी ढाब्याकडं एकदा बघून घेतलं. "आन् आदल्या सोमवारी कपिलधारला दर्शनाला गेलते. तिथली विभूती आणलेली. धबधब्याच्या पाण्यात कालवून तिचा टिळा लावला आत."

"आत कुठं?"

विमलबाईंनी पदराशी चाळा केला. "ते स्क्रीन बसवणारं पोरगं म्हणालं होतं, काकू, ह्या खाचेतून गाडीत जीव येतो. मला वाटलं, जीव जिथून येतो तिथं देवाचं नाव असावं. ह्यांच्या जिवाची काळजी म्हणून... बोटानं जरा आत भरली."

उज्ज्वला हसली नाही. तिनं विमलबाईंचा हात दाबला. "बरं झालं सांगितलं, काकू. चला, तुमी माझ्यासंगं. बॅटरी धरा."

तिनं आधी चावी काढली, मग गाडीच्या बॅटरीची काळी तार सोडली. विमलबाईंनी उजेड धरला. खाचेच्या तळाशी राखाडी-पांढरा थर घट्ट बसला होता, सुकून सिमेंटासारखा. कडेचे दोन संपर्क केबल घालता-काढता घासून उघडे पडले होते, म्हणून चार्जिंग होत होतं. मधले दोन, ज्यांतून फोन आणि स्क्रीन एकमेकांशी बोलतात, ते पार बुजले होते. सुई घालायची नाही, लोखंडानं आतली पात वाकते. तिनं छबुबाईच्या पाटीत पडलेली कडुलिंबाची काडी उचलली, दातानं तिचं टोक चपटं केलं, आणि हळूहळू खरवडायला लागली.

एक गोष्ट मात्र तिनं आधी केली. देवळातल्या अंगाऱ्याच्या पुडीला घेतात तसा एक कागद खाचेखाली धरला. विभूतीचा कण न् कण त्या कागदात पडला. खाली पायदानावर एक पडला तो तिनं बोटानं उचलला, डोळ्याला लावला, कागदात ठेवला. विमलबाई बॅटरी धरून ते सगळं बघत होत्या. शेवटी जोड साफ करायचा फवारा मारला, ब्रश फिरवला, सुकू दिलं. कागदाची पुडी बांधून विमलबाईंच्या हातात दिली. "तुळशीत घाला, काकू."

बॅटरीची तार जोडली. चावी फिरवली. विठ्ठलरावांना हाक मारली, "आण्णा, तुमचा फोन द्या." फोन लावला. स्क्रीन दोन श्वास काळी राहिली. मग रस्त्याचा नकाशा उमटला, मांजरसुंब्याच्या चौकात एक निळा ठिपका.

"काकू, आता तुमच्या फोनवरून आण्णास्नी लावा."

विमलबाईंनी लिंबाखाली जाऊन लावला. गाडीचे सहाच्या सहा स्पीकर वाजले. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, 'घर'. विठ्ठलरावांनी बटण दाबलं, आणि लिंबाखालून विमलबाईंचा आवाज गाडीभर झाला, "ऐकू येतंय का? आता कान मोकळा ठिवा आन् दोन्ही हात चाकावर."

छबुबाई खळाळून हसली. विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा ओशाळा आनंद पसरला.

पप्पू पुढं आला. "काय होतं मग, वैनी? काय निघालं?"

सगळे बघत होते. उज्ज्वलाला एक वाक्य पुरलं असतं. शहरातल्या दुकानदाराला जे दिसलं नाही ते मला दिसलं, खाचेत विभूती होती, दसऱ्याची. तेवढ्यानं चौक तिचा झाला असता. पण तेवढ्यानंच विमलबाई पुढची दहा वर्षं चौसाळ्यात हसण्यावारी निघाल्या असत्या. "खाचेत जरा अडकलं होतं," ती म्हणाली. "काढलं."

"आस्सं! म्हंजी फुंकर मारली आन् झालं," पप्पू टाळी वाजवत म्हणाला. "आमी उगंच घाबरलो बे, वैनीला यायला लागलं म्हणून!"

विठ्ठलरावांनीही मान डोलावली. "फुंकरीचं काम होतं तर." आणि पैशासाठी खिशात हात घालून ते सुग्रीवकडं वळले. सुग्रीवनं बायकोकडं बघितलं. ती पाने पुसून डब्यात ठेवत होती. मान ताठ, डोळे भरलेले.

"फुंकरीचं न्हवतं," विमलबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण त्या बाईला चौकात इतक्या माणसांपुढं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. "मी विभूती भरलती त्या खाचेत. दसऱ्याला. तुमच्या जिवासाठी. शहरातल्या दुकानात मलाबी नेलं होतं, पण मला एक शब्द कुणी इचारला न्हाई. ते तार तोडायला निघाले. हिनं इचारलं. आन् तुमच्यापुढं माझं नाव घेतलं न्हाई." त्यांनी पुडी वर धरली. "हे बघा. कण खाली पडू दिला न्हाई पोरीनं. स्वतःचं पोट उपाशी, दुकान जायला लागलेलं, तरी तिनं माझी लाज राखली. मग ती राखायला मी कावून मागं राहू?"

पप्पूनं टायरकडं बघितलं.

विठ्ठलरावांनी खिशातले पैसे उज्ज्वलापुढं ठेवले. मग गाडीतली चावी काढून आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "आमच्या थोरल्याची जीप हाय. तिच्यात जुना टेप हाय, फोन लागत न्हाई. परवा पाठवतो. आन् हिच्या..." विमलबाईंकडं बघून ते थबकले, "हिच्या माहेरची गाडीबी इथंच येईल. ही चावी आता तूच मला परत दे. चाचणी करून. घाटाच्या तोंडापतुर जाऊन ये."

उज्ज्वलाला गाडी चालवता येत नव्हती. तिनं चावी परत त्यांच्यापुढं धरली. मग म्हणाली, "चाचणी तुमी करा, आण्णा. काकू बसतील संगं. मी गाडी जोडते. चालवायला येत्या साली शिकंन."

त्यावर मात्र विठ्ठलरावसुद्धा मोकळे हसले.

गाडी घाटाकडं गेली. सुग्रीव खुर्चीवरून उठला, कंबर धरत पप्पूपाशी गेला. "पप्पू, दिवाळीला टायरचं दुसरीकडं बघ."

त्या रात्री चंद्र उगवल्यावर उज्ज्वलानं दुर्वा वाहिल्या, मोदक दाखवला आणि मग पहिला घास घेतला. घास गिळून होईपर्यंत सुग्रीवचं एकच टुमणं, "ती लिंबाची काडी मला का सुचली नसती?" ती म्हणाली, "तुमचा बाप मेंढरावर न्हवता."

जीप आली. मग जीपवाल्याचा मित्र आला. मागच्या काचेवर देवाचं चित्र असलेल्या पिकअपचे मालक आले, ज्यांना ऊस नेताना नकाशा बोलता हवा होता. दिवाळीला शटरमध्ये लक्ष्मीपूजन झालं. उज्ज्वलानं पान्यांना हळद-कुंकू लावलं, मीटरच्या डब्यावर फूल ठेवलं, आणि यंदा कोणाच्या गाडीत टिळा कुठं लावायचा हे विचारायला आलेल्या दोघीतिघींना बोटानं दाखवून दिलं. स्क्रीनच्या वरच्या चौकटीवर, मधोमध, सुका. तिथं देवही बसतो आणि तारेलाही वाट राहते.

कार्तिकात एका सकाळी पप्पूची स्वतःची गाडी शटरपुढं उभी राहिली. पप्पू उतरून सवयीनं खुर्चीकडं वळला. "सुग्रीव, आवाज येतोय पण चित्र..." सुग्रीवनं नुसतं बोट केलं. पप्पूनं खाकरून चावी उज्ज्वलाकडं धरली.

तिनं चावी घेतली, पण पप्पूचं ऐकायला थांबली नाही. ती गाडीच्या पलीकडच्या दाराशी गेली. आत पप्पूची बायको मनिषा मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"मनिषा, कधीपासून झालं गं असं?" उज्ज्वलानं विचारलं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत पान्याला हात लावला नाही.